‘म्हणे’ कुणाचं आणि मत कुणाचं?

पत्राचा सारांश : डिचोली तालुक्यातली बावीस वर्षांची वाचक. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, पुढे बी.कॉम. दिवसा एका अकाउंटंटच्या ऑफिसात नोकरी आणि रात्री कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. साखळीजवळ पर्येला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, तिथे शिकायचं मनात आहे. अडचण एकच. इंग्रजी उताऱ्यावरच्या प्रश्नांत माहितीचे प्रश्न बरोबर येतात, पण ‘लेखकाचा ॲटिट्यूड काय?’, ‘टोन कोणता?’ असं विचारलं की हमखास चुकतं. गेल्या सहा मॉक टेस्टमध्ये असे अकरा प्रश्न आले, त्यातले तीन बरोबर. टोन सांगणाऱ्या एकशेवीस शब्दांची यादी तोंडपाठ झाली, तरी फरक नाही. क्लासचे सर म्हणतात, टोकाचा पर्याय घेऊच नकोस. मैत्रीण म्हणते, हे इंग्रजी मिडियमवाल्यांना आपोआप कळतं, आपल्याला नाही कळणार. पत्रासोबत चुकलेल्या तीन प्रश्नांचे फोटो आहेत आणि शेवटी प्रश्न : ‘हे प्रश्न सरळ सोडून देऊ का?’

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो चष्मा पुसून चारदा. तिन्ही उतारे तुला समजलेले आहेत. समासात पेन्सिलीने तू जो मराठी सारांश लिहिला आहेस, तो चोख आहे. म्हणजे ‘माझं इंग्रजीच कच्चं’ हा जो निकाल तू स्वतःवर लावून ठेवलास, त्याला निदान या तीन पानांत पुरावा मिळत नाही. एका ठिकाणी एका शब्दाने तुला दगा दिला आहे, त्याकडे मागाहून येते. मग चुकतं कुठे? ते सांगायला मला साठ वर्षं मागे जावं लागेल. म्हाताऱ्या मास्तरणीला तेवढी मुभा दे.

१९६७ चा जानेवारी. मी सात वर्षांची. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित म्हणून वेगळा ठेवायचा, यावर १६ तारखेला जनमत कौल होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहू म्हणणाऱ्यांची दोन पानं. फोंड्याच्या आमच्या घरात बाबा फुलाचे आणि काका दोन पानांचे. ओसरी एक, चुलाण एक, मतं दोन. काकांची एक खोड होती. रात्री जेवणं झाली की ते फुलवाल्यांचं पत्रक घेऊन बसायचे आणि मोठमोठ्याने वाचायचे. एक वाक्य पत्रकातलं, मग थांबून ते खोडून काढणारी चार वाक्यं स्वतःची. आजी आत भांडी आवरत असायची. भांड्यांच्या आवाजात तिला पत्रकातलं वाक्य ऐकू यायचं आणि काकांचं उत्तर विरून जायचं. एका रात्री ती आतूनच ओरडली, “आरे, तूंय फुलाचो जालो?”

घरभर हशा झाला. पुढे कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पानांच्या बाजूने लागला आणि बाबा आठवडाभर काकांशी बोलले नाहीत, पण तो विषय वेगळा.

कॅटमधले उतारे लिहिणारी माणसं बहुतेक वेळा माझ्या काकांसारखी असतात. आधी दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडतात, कधी कधी त्या दुसऱ्यापेक्षाही छान मांडतात, आणि मग आपल्याकडे वळतात. चाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न उरकायचे असले की वाचणाऱ्याची माझी आजी होते. तिला शब्द सगळे ऐकू येतात. कोणता शब्द कुणाच्या तोंडचा, तेवढं निसटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला यादीबद्दल नाही, आवाजांबद्दल आहे. उताऱ्यात किती जण बोलताहेत, ते आधी मोज. मराठीत आपल्याला यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे : ‘म्हणे’. ‘तो मोठा ऑफिसर आहे’ आणि ‘तो मोठा ऑफिसर आहे म्हणे’ या दोन वाक्यांतला फरक तुला कुणी शिकवला नाही. कोकणीत आपण तेच काम ‘खंय’ला देतो. बातमी सांगायची, पण तिची जबाबदारी घ्यायची नाही. इंग्रजीला असा एका घोटातला ‘म्हणे’ नाही, म्हणून तिथे लेखक तो वेगवेगळ्या कपड्यांत आणतो. ‘सपोझेडली’, ‘पर्पोर्टेडली’, ‘सो-कॉल्ड’ हे सरळ सरळ ‘म्हणे’. ‘इट इज ऑफन सेड दॅट’ किंवा ‘मेनी बिलीव्ह दॅट’ अशी सुरुवात झाली की बहुधा समजावं, काकांनी पत्रक हातात घेतलंय. आणि क्रियापदं बघ. अमुक संशोधकाने ‘क्लेम’ केलं म्हणणारा लेखक त्याच्यापासून हातभर दूर उभा आहे. त्यानेच ‘शोज’ किंवा ‘डेमॉन्स्ट्रेट्स’ लिहिलं असतं, तर त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला असता. ‘आर्ग्यूज’ मधलं, त्यावरून काहीच ठरत नाही. अवतरण चिन्हंही कधी कधी ‘म्हणे’चंच काम करतात. ‘विकास’ असा शब्द अवतरणात टाकला की लेखकाने नाक मुरडलं का, ते तपासावं.

आता तुझा पहिला फोटो. खाण बंद पडलेल्या कुठल्याशा परदेशी गावावरचा उतारा. तू पत्रात अगदी प्रामाणिकपणे लिहिलंस की वाचताना बाबांचा उभा ट्रक डोळ्यांसमोर आला. तू चौथीत होतीस तेव्हा, २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग कुठे थोड्या सुरू होतायत तोवर २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीजांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं. तुमच्या भागात अंगणात गंजत उभे असलेले टिप्पर मी पाहिलेत. त्यामुळे त्या उताऱ्यावर तू थंड डोक्याने बस, असं मी सांगणार नाही. सांगून होणार नाही ते.

पण उताऱ्यात काय आहे बघ. लेखक म्हणतो, खाण बंद करा म्हणणारे कार्यकर्ते पाण्याबद्दल बरोबर होते, धुळीबद्दल बरोबर होते. पुढे म्हणतो, खाण गेल्यावर माणसांनी काय करायचं याचा कागद मात्र त्यांच्याकडे नव्हता. प्रश्न आहे : कार्यकर्त्यांबद्दल लेखकाचा दृष्टिकोन काय? तू ‘होस्टाइल’ निवडलंस. उत्तर आहे : उद्देशाशी सहानुभूती, तयारीबद्दल टीका. तुझ्या त्या एका ‘होस्टाइल’मध्ये दोन चुका आहेत. एक तर शत्रुत्व लेखकाचं नाही, तुझ्या अंगणातून आलेलं आहे. दुसरी चूक सूक्ष्म आहे आणि जवळजवळ सगळ्यांची होते : प्रश्न *कशाबद्दल* आहे ते सुटलं. खाणीबद्दल लेखकाला काय वाटतं, खाण बंद होण्याबद्दल काय वाटतं आणि बंद करणाऱ्यांबद्दल काय वाटतं, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि एकाच उताऱ्यात त्यांची तीन निरनिराळी उत्तरं असू शकतात. एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धाराला तुझा पाठिंबा असतो आणि तरी हिशेब ठेवणाऱ्या खजिनदारावर तुझा राग असतो, तसं.

यावर मी वर्गात एक साधी गोष्ट करून घ्यायचे. रफ शीटच्या कोपऱ्यात दोन अक्षरं लिहायची : ‘मी’ आणि ‘तो’. विषय आपल्या जिव्हारी लागणारा निघाला, तर ‘मी’समोर आपलं मत तीन शब्दांत लिहून मोकळं व्हायचं. ‘बाबांचं नुकसान झालं’, एवढंच. मत कागदावर उतरलं की ते उत्तरात लुडबुड कमी करतं. मग प्रश्नातलं ते नाम शोधायचं, ज्याच्याबद्दल विचारलंय, आणि ‘तो’समोर तेच लिहायचं : ‘कार्यकर्ते’. याला दहा सेकंद लागतात. हा उपाय सगळ्यांना लागू पडतो असं नाही, काहींना त्याने उलट गोंधळायला होतं. चार मॉक करून बघ, नाही जमलं तर सोडून दे.

दुसरा फोटो लवकर संपवते. पर्याय होता ‘क्वालिफाइड अप्रूव्हल’ आणि तू समासात लिहिलंस, ‘लायक माणसाची मान्यता?’ नाही गं. इथे ‘क्वालिफाइड’चा पदवीशी संबंध नाही. अटी घालून, हातचं राखून दिलेली मान्यता असा त्याचा अर्थ. ‘हो, पण’ असा. पुढच्या पेपरात हा शब्द तुला पुन्हा भेटेल.

यावरून यादीबद्दल बोलते. एकशेवीस शब्द पाठ केलेस त्याचं कौतुक, पण त्यातले ऐंशी विसरलीस तरी चालेल. जोड्या कर, एकमेकांत मिसळणाऱ्या शब्दांच्या. ‘स्केप्टिकल’ माणूस दाव्यावर शंका घेतो. ‘सिनिकल’ माणूस दावा करणाऱ्याच्या हेतूवर. ‘ॲम्बिव्हॅलंट’ म्हणजे मन दोन्हीकडे ओढलं जाणं. ‘ॲम्बिग्युअस’ म्हणजे काय म्हणायचंय तेच स्पष्ट नसणं. ‘इंडिफरंट’ म्हणजे ज्याला काही पडलेलंच नाही असा. आणि ज्याला काही पडलेलं नाही, तो त्या विषयावर पाचशे शब्द कशाला लिहील? म्हणून हा पर्याय बहुतेक वेळा खोटा असतो. ‘ऑब्जेक्टिव्ह’ मात्र खरा असू शकतो, कारण पडलेलं असूनही माणूस तोल सांभाळून लिहितो. आणि ‘क्रिटिकल’ला घाबरू नकोस. आपल्याकडे १२९० मधल्या ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीकाच म्हणतो. ज्ञानदेव काही गीतेवर रागावले नव्हते. इंग्रजीतही ‘क्रिटिकल’ कधी दोष काढणारा असतो, कधी नुसता बारकाईने पारखणारा. शेजारचे शब्द पाहून ठरवायचं.

आता जरा पेन्सिल घे. तुझ्यासाठी आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या मुलांसाठी मी एक छोटा उतारा स्वतःच लिहिते. मुद्दाम मराठीत लिहिते, म्हणजे भाषेचं निमित्त उरणार नाही.

*जुन्या गोमंतकीय घरांची हॉटेलं करणाऱ्यांवर जाणकारांचा राग आहे. असं करणं म्हणजे घराचा आत्मा विकणं होय. हा राग अगदीच बिनबुडाचा नाही. काही घरांची आज दर्शनी भिंत तेवढी जुनी उरली आहे. पण ज्या घराचं छप्पर तीन पावसाळे गळतंय आणि ज्याचे चार वारस चार देशांत आहेत, त्याला कुणी हातच लावू नये असा आग्रह धरणाऱ्यांनी कौलांचा आजचा भाव एकदा विचारून यावा.*

प्रश्न : जाणकारांबद्दल लेखकाचा दृष्टिकोन कोणता? (अ) तुच्छतेचा (ब) पूर्ण सहमतीचा (क) म्हणणं काही अंशी मान्य, पण व्यवहाराचं भान नाही अशी तक्रार (ड) अलिप्त.

दुसरं वाक्य पुन्हा वाच. ‘असं करणं म्हणजे घराचा आत्मा विकणं होय.’ त्यात ‘त्यांच्या मते’ कुठेच नाही. मी ते मुद्दाम गाळलं. इथे आजी फसली आणि तिने (ब)वर बोट ठेवलं. पण आधीच्या वाक्यात ‘जाणकारांचा राग’ आहे आणि नंतरच्या वाक्यात ‘हा राग’ आहे. या दोहोंमध्ये अडकलेलं वाक्य रागावलेल्यांचंच असणार. इंग्रजी उताऱ्यांत हे फार चालतं, दुसऱ्याचं मत त्याचं नाव न घेता, त्याच्याच सुरात सांगणं. एकदा ओळखता आलं की अर्धं काम झालं.

तिसरं वाक्य : ‘अगदीच बिनबुडाचा नाही’. नकाराला नकार. ‘साधार आहे’ असं त्याने म्हटलं नाही, ‘बिनबुडाचा नाही’ म्हटलं, म्हणजे मापून, चिमटीने दिलं. पण दिलं. ज्याच्या मनात तुच्छता आहे तो एवढंही देत नाही, म्हणून (अ) गेला. पाचव्यात ‘पण’ आला आणि सगळा भार पुढे सरकला. शेवटी कौलांच्या भावाचा तो चिमटा, तो काढणारा माणूस अलिप्त कसा? (ड) पण गेला. राहिला (क).

आता त्याच उताऱ्यात मी तीन बदल करते. ‘जाणकारांचा’च्या जागी ‘स्वयंघोषित जाणकारांचा’. ‘आग्रह’च्या जागी ‘हट्ट’. आणि तिसरं वाक्य सबंध काढून टाकते. वाच पुन्हा. माहिती जवळपास तीच आहे. घर तेच, छप्पर तसंच गळतंय. उत्तर मात्र (अ) झालं. दृष्टिकोन राहतो तो असा एका विशेषणात, एका नामात आणि समोरच्याला काय दिलं-न दिलं त्यात. लेखकाच्या मनात शिरायची गरज नाही. परीक्षा त्याच्या मनाबद्दल विचारतच नाही, पानावर त्याने काय ठेवलंय तेवढंच विचारते.

म्हणूनच तुझ्या सरांचा ‘टोकाचा पर्याय घेऊच नकोस’ हा नियम मला अर्धाच पटतो. बहुतेक अभ्यासू लेखक तोल सांभाळून लिहितात, त्यामुळे मधला पर्याय बरेचदा बरोबर निघतो, हे खरं. पण नियम म्हणून तो वापरलास की वाचणं थांबतं. एखादा लेखक खरोखरच संतापलेला असतो, एखादा खरोखरच भारावलेला. माझी कसोटी वेगळी आहे : जो पर्याय निवडतेस, त्याच्यासाठी उताऱ्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवता आलं पाहिजे. ‘संताप’ म्हणतेस तर संतापाचे दोन शब्द दाखव. नाही दाखवता आले, तर तो पर्याय तुझ्या मनातून आलेला आहे. दोन शब्द का? एकच शब्द कधी कधी पत्रकातला निघतो.

‘पण’बद्दल एक पुरवणी. ‘जेवण बरं होतं, पण वाढायला उशीर झाला’ आणि ‘वाढायला उशीर झाला, पण जेवण बरं होतं’. पुढच्या गणेशचवथीला यातला कुठला पाहुणा आनंदाने येईल ते तुला विचारावं लागत नाही. ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘येट’ यांच्यापुढे लेखकाचं वजन असतं. ‘ऑल्दो’ आणि ‘व्हाइल’ मात्र उलटे चालतात, आपल्या ‘जरी’सारखे. त्यांच्यापुढे जे येतं ते दिलेलं दान. खरं म्हणणं वाक्याच्या दुसऱ्या भागात, मग तो आधी येवो वा नंतर. मुलं ‘ऑल्दो’पुढचंच वाक्य अधोरेखित करून मोकळी होतात. मीही त्यांच्याएवढी असताना तेच करत असे.

आता तुझ्या मैत्रिणीचं ते ‘आपोआप’. मी उच्च माध्यमिकात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घरी इंग्रजी बोलणारी, झरझर वाचणारी मुलं या प्रश्नांत सपाटून आपटताना पाहिली आहेत. झरझर वाचणाऱ्याला विषय कळतो आणि विषय कळला की मत कळलं असं त्याला वाटतं. पर्यावरणावर लिहिलंय म्हणजे पर्यावरणाच्या बाजूनेच असणार! तू सावकाश वाचतेस, ही या प्रश्नापुरती तरी सोय आहे. शिवाय घरात कोकणी, देवळात आणि पेपरात मराठी, ऑफिसात इंग्रजी, असं दिवसभर तुझं चाललेलं असतं. कोण कुठल्या सुरात बोलतोय ते तू नकळत टिपतच असतेस. मात्र इथे तुला गोंजारायचं नाही मला. इंग्रजी वाचन वाढवावं लागेलच, रोज. पर्यायांतले शब्दच परके असतील तर सूर कळूनही हात बांधलेले राहतात.

सोडून द्यायचे का हे प्रश्न? तू कॉमर्सची आहेस, हिशेब कर. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा. चार पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवत गेलीस, तर चारातला एक बरोबर येतो, तीन मिळतात, तीन जातात, हाती शून्य. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर तीन प्रश्नांमागे तीन मिळतात आणि दोन जातात. दोन खोडता आले, तर दोन प्रश्नांमागे तीन मिळतात आणि एकच जातो. ‘इंडिफरंट’ आणि ज्याला दोन शब्दांचा पुरावा नाही तो, असे दोन पर्याय तुला बहुतेक वेळा खोडता येतील. मग सोडायचं कशाला? काहीच खोडता येत नसेल, तर मात्र पुढे जा. तिथे अडून बसण्यात वेळ जातो आणि चार उतारे वाचायचेत. बँकेच्या आयबीपीएस परीक्षेत पर्याय पाच आणि चुकीला पाव गुण वजा, तिथेही डोळे मिटून ठोकण्याचा हिशेब शून्यावरच येतो. कायद्याच्या प्रवेशासाठी क्लॅट देणाऱ्या मुलांना दोन तासांत १२० प्रश्न असतात आणि जवळपास सगळा पेपर उताऱ्यांवर उभा असतो. त्यांनी तर ‘आवाज मोजणं’ पहिल्या दिवसापासूनच सुरू करावं.

सरावाचं एक सांगते. क्लासचे सेट चालूच ठेव, पण रोज रात्री वीस मिनिटं दुसरं काहीतरी कर. एकाच विषयावरचा मराठी अग्रलेख आणि इंग्रजी अग्रलेख घे. विषय गोव्यात कमी नाहीत. जमिनीचं रूपांतर, कॅसिनो, म्हादई, काहीही. दोन रंगांच्या पेन्सिली घे. दुसऱ्यांचं म्हणणं एका रंगात, संपादकाचं दुसऱ्या रंगात. मग खाली एकच वाक्य लिही : ‘संपादकाला अमुकबद्दल असं वाटतं, कारण त्याने हे दोन शब्द वापरले.’ आधी मराठीवर कर, हात बसल्यावर इंग्रजीवर. पहिले आठ दिवस मराठीतही रंग चुकतील, तेव्हा तुझं तुलाच कळेल की अडचण इंग्रजीची नव्हती. पणजीला येणं झालं, तर पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दुपार काढ. १८३२ मध्ये स्थापन झालेलं हे ग्रंथालय आहे. तिथे जुनी वर्तमानपत्रं मागून बघ. जनमत कौलाच्या काळातलं लेखन मिळालं तर फुलवाल्यांचं आणि दोन पानवाल्यांचं शेजारी शेजारी ठेवून वाच. तिथे सूर इतका उघडा असतो की आजीसुद्धा चुकली नसती.

एक सावधगिरी. मॉकमध्ये कधी कधी उत्तरसूचीच वादाची असते. तुझं बोट दोन शब्दांवर आहे आणि तरी सूची वेगळं सांगते, असं झालं तर पाच मिनिटं विचार कर, वहीत खूण कर आणि पुढे जा. प्रत्यक्ष कॅटमध्ये उत्तरसूची जाहीर झाल्यावर आक्षेप घेता येतो. मॉकशी भांडून रात्र घालवण्यात अर्थ नाही.

बाबांना हे पत्र दाखवणार असशील, तर त्यांना तो खाणीचा उतारा मराठीत सांगून बघ आणि विचार, हा लिहिणारा आपल्या बाजूचा की त्यांच्या? ते काय म्हणतात ते मला खरंच ऐकायचंय.

तिसऱ्या फोटोतल्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम लिहिलेलं नाही. एवढंच सांगते की त्यातला दुसरा परिच्छेद अख्खा काकांच्या हातातलं पत्रक आहे, आणि पत्रक कुठे संपतं ते तिसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात, अगदी मधोमध, एका छोट्या शब्दाने कळतं. तो शब्द आणि पुराव्याचे दोन शब्द अधोरेखित करून फोटो पाठव.